सांगकाम्या

ब्राँक्सच्या कोर्टात माझ्या लेकावर, रादामेसवर, गर्द विकल्याचा खटला उभा राहिला. साध्या कपड्यातल्या पोलिसाने याच्या हातात पैसे ठेवले आणि याने कोपऱ्यावरून पुडी आणून दिली, एवढंच.

त्याच्या वकीलबाई मला म्हणाल्या, "फिदेलिनाबाई, घेणाऱ्याच्या सांगण्यावरून, स्वतःला काही न ठेवता आणून दिली, तर कायद्याने ती विक्री होत नाही. तुम्ही फक्त सांगा, तो सगळ्यांची कामं फुकट करतो. नाहीतर नऊ वर्षं आत जाईल."

फुकट म्हणे! चौतीस वर्षांत या लाटसाहेबाने मला खालच्या दुकानातून दोन केळी आणून दिली नाहीत. पण पोटचा गोळा पडला. बायबलवर हात ठेवून पढवलं तसं स्पॅनिशमध्ये बोलले, दुभाषी पोरीने ते जज्जाला इंग्रजीत सांगितलं.

सरकारी वकील गालात हसला. "म्हणजे बाई, तुमचा मुलगा गल्लीतल्या नशेबाजांचा सांगकाम्या? कुणीही पिटाळावं आणि याने पळत सुटावं?"

भरल्या कोर्टात, माझ्या शेजारणींच्या देखत! मी ताडकन उभी राहिले. "तोंड सांभाळ, मेल्या! आमच्या घराण्यात कुणी कुणाचं पाणी भरलेलं नाही. हात ओले झाल्याशिवाय माझा लेक जागचा हलत नाही!"

दुभाषी पोरगी वकीलबाईंकडे बघायला लागली.



मीच तिच्यावर खेकसले, "बघतेस काय, बये? एक शब्द गाळू नकोस, सगळं सांग त्यांना!"