दारापुढचं कमळ

संध्याकाळी दुर्बीण केंद्रावर प्रमिलाबाईंचा नंबर लागला. भिंगाला डोळा लावताच त्यांना चंद्रावरच्या खाणवस्तीतलं लेकीचं दार दिसलं, आणि दारापुढच्या धुळीत तिनं रेखलेली रांगोळीही. रोज नवी काढायची, म्हणजे आईला खुशाली कळेल, असं शर्वरीनं निघताना कबूल केलं होतं.

"परवाचंच कमळ आहे," त्या म्हणाल्या. "कंटाळा केला असेल कार्टीनं."

यंत्रावर बसलेल्या नाडकर्णींनी दुर्बीण आणखी नीट जुळवून दिली.

"पण बघा ना, एक रेघसुद्धा फिसकटलेली नाही. म्हणजे सगळं ठीकच असणार."

"तिथे वारा नसतो, काकू," नाडकर्णी हळूच म्हणाले. "जुनी पुसायलाही तिलाच बाहेर यावं लागतं."

प्रमिलाबाईंनी डोळा हलवला नाही. एरवी "आटपा लवकर" म्हणून ओरडणारी मागची रांग आज एका शब्दानं बोलली नाही.