वळणापुढची लाल गाडी

लाल गाडी शेवटच्या वळणाकडे येताना दिसली आणि बाबांनी श्वास रोखला. आयुष्यभर एक्स-रेच्या खोलीत ते लोकांना श्वास रोखायला सांगत आले होते. शर्यतीच्या ट्रॅकवर आले की स्वतःच रोखायचे. तिकडे माणूस हलला की फोटो वाया, इथे सगळी गंमत हलण्यातच. कॅमेरा गाडीबरोबर तिच्याच वेगाने फिरवत न्यायचा, मध्येच बटण दाबायचं आणि दाबल्यावरही हात थांबवायचा नाही. मग गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी स्पष्ट येते, आणि गवत, कठडे, माणसं असं बाकीचं सगळं जग वाहून जातं. या वाहत्या जगापायी घरातली दोन कपाटं लेन्सांनी भरली होती. बायको म्हणायची, स्वतःच्या लेकीलाही या माणसाने कधी इतक्या मऊ फडक्यात गुंडाळलं नव्हतं.

ती लेकच आता लाल गाडीत होती. तिसरी चालली होती, आणि तिसरी आली तरी पुढच्या मोठ्या शर्यतीत तिला जागा मिळणार होती. मागून एक निळी गाडी तिला अगदी चिकटून येत होती.

संध्याकाळचं तिरपं ऊन धुळीत अडकून राहिलं होतं. बाबांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. लाल गाडी चौकटीत आली तसे ते कंबरेतून तिच्याबरोबर वळू लागले आणि त्यांनी बटण दाबून धरलं. फोटो निघताना कॅमेऱ्यात क्षणभर काळोख होतो, मग दिसतं, मग पुन्हा काळोख. त्या उघडझापीतून लाल गाडी वळण घेऊन अलगद बाहेर पडली आणि सरळ रस्त्याने लांब निघून गेली. बाबांना ती दिसली, अगदी स्वच्छ दिसली. त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि शेजारच्या झेंडेवाल्या बाईंकडे बघून ते हसले.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या धोक्याचा पिवळा झेंडा जोरजोरात हलवत होत्या आणि त्यांची नजर भलतीकडेच होती. लाल गाडी वळणातच, आतल्या बाजूच्या गवतावर, उलट्या तोंडाने उभी होती. थोडी पुढे निळी गाडी कठड्याला नाक लावून थांबली होती. लेक स्वतःच दार उघडून बाहेर आली, तिने हेल्मेट काढलं आणि ती गवतावर बसली. तिचे हातपाय हलताना दिसले तेव्हा कुठे बाबांच्या जिवात जीव आला.

पंचांच्या खोलीत निळ्या गाडीवाला म्हणाला, हिने वळणात विनाकारण ब्रेक मारला. लेक म्हणाली, ब्रेकला पायसुद्धा लावला नाही, यानेच मागून ठोकलं. दोन्ही गाड्यांना आधीच इतके पोचे आलेले होते की त्यावरून काही ठरेना. झेंडेवाल्या बाईंनी पाहिलं ते गाड्या आदळल्यानंतरचंच. ट्रॅकचा कॅमेरा होता तो फक्त शेवटच्या रेषेवर. लेक मात्र निवांत होती. आमच्या बाबांकडे सगळं असेल, ते त्या वळणावरून हलत नाहीत, असं तिने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

पंचबाईंनी चष्मा वर सरकवून कॅमेरा हातात घेतला. पहिल्या फोटोत लाल गाडी होती, काचेमागचे लेकीचे डोळेसुद्धा ओळखू येत होते, आणि मागे वीतभर अंतरावर निळं नाक. दुसऱ्या फोटोत लाल रंगाचा एक फराटा. त्यानंतर नुसतं वाहतं गवत आणि रिकामा रस्ता. बाईंनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"गाडी कुठे गेली?"

"पुढे गेली," बाबा बोलून गेले.

खोलीत कुणीच हसलं नाही. पुरावा नाही म्हणून दोघांनाही दोषी धरण्यात आलं. लेकीची जागा मागून आलेल्या कुणाला तरी मिळाली.

घरी परतताना बाबा आपली जुनी छोटी गाडी नेहमीसारखीच चालवत होते. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळताना इंडिकेटर द्यायचे, सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघूनच निघायचे. लेक शेजारी कॅमेरा मांडीवर घेऊन बसली होती. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोरीला ठोकर बसली त्या क्षणी बाप दुसरीकडेच बघत होता, आणि वर खुशीत हसतही होता. हात वळणाला इतका सरावला आहे, तो आपला फिरतच गेला गं, असं काहीतरी ते पुटपुटले. लेकीने ते रिकामे फोटो एकेक करून पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बऱ्याच वेळाने तिने कॅमेरा बंद केला.

"बाबा, मी वळणातून कशी बाहेर पडले?"

आधी बाबांना वाटलं, चिडून बोलते आहे. त्यांनी हळूच तिच्याकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती. तिने मान मागे टेकवली होती आणि खरंच विचारत होती.

"कठड्याला अगदी लागून," बाबा म्हणाले. "आता घासणार, असं वाटलं. पण नाही घासलीस."

"आणि निळा?"

"तो पार मागे राहिला. मग सरळ रस्ता लागला, आणि तुझ्यापुढे कुणीच नव्हतं."

बाबा सांगत राहिले. लेक डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर सावकाश दाबत गेला.