अलास्काची हवा

“अस्वल समोर आलं तर पळायचं नाही,” रिजवाननं मोबाइलवरची सूचना मोठ्यानं वाचली.

“पळतंय कोण?” अमीरबी म्हणाली. “तुझे अब्बा जिना चढताना दोनदा थांबतात.”

अयुब हसला. हसता हसता खोकला. तो खोकत होता तेवढ्यात रिजवाननं पुढच्या दोन सूचना वाचून टाकल्या. घरात त्या खोकल्यासाठी आता कुणी थांबत नसे.

थोरली निखत लग्नानंतर अमेरिकेत होती. तिनं सगळ्यांची अलास्काची सहल ठरवली होती. सात दिवस जहाजावर, पाच दिवस जमिनीवर. दौंडच्या त्या गल्लीतून आजवर लांबचा प्रवास म्हणजे हज, नाहीतर अजमेर. बर्फाकडं कुणी गेलं नव्हतं, आणि का जावं हे शेजाऱ्यांना पटत नव्हतं.

“तिकडं हाय काय?” शेजारच्या पोपटरावांनी विचारलं.

“बर्फ.”

“आन्?”

“आन् त्याच्यापुढं आणखी बर्फ,” अयुब म्हणाला.

निखतचं उत्तर वेगळं होतं. ती फोनवर म्हणाली, “अब्बांनी सव्वीस वर्षं कुरकुंभच्या केमिकल कंपनीत सॉल्व्हंटचा वास घेतला. बारा दिवस तरी त्यांच्या छातीत चांगली हवा जाऊ दे.”

तयारी जोरात होती. अमीरबीनं लोकरीचे मोजे, दोन माकडटोप्या आणि शेंगदाण्याची चटणी यांचा पलंगावर ढीग केला. जहाजावर चोवीस तास जेवण मिळतं, असं तिला सांगून झालं. चोवीस तास मिळतं त्यात चव कसली, असं तिचं म्हणणं पडलं. रिजवाननं मौलानांना विचारलं, जिथं रात्री अकरापर्यंत उजेड असतो तिथं सूर्यास्ताची मगरिबची नमाज कधी धरायची? मौलानांनी भिंतीवरचं नमाजाचं वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाले, “एवढ्या लांब जायचंच कशाला?”

अयुब रोज सकाळी चालायला जाई. जमिनीवरच्या तिसऱ्या दिवशी बर्फावरून मैलभर चालायचं होतं, त्याचा सराव. मैलभर म्हणजे साधारण स्टेशनपर्यंत. तो रेल्वे पुलाच्या चढावर थांबे, कठडा धरून उभा राही आणि तिथूनच परत फिरे. घरी सांगे, “स्टेशनला चहा घेतला.” मग खाटेवर बसून तो एकच व्हिडिओ बघे. बर्फाचा अख्खा कडा सुटतो, समुद्रात कोसळतो, आणि आवाज नंतर येतो. तो आवाज त्याला एकदा समोर उभं राहून ऐकायचा होता. साठ वर्षांत स्वतःहून मागितलेली ही त्याची पहिलीच गोष्ट.

फॉर्म भरले. व्हिसे आले. आता विम्यासाठी त्याच्या छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट एवढंच राहिलं. हे काम अयुबनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांत सोपं होतं.

कंपनीचे जुने डॉक्टर आता दौंडलाच दवाखाना चालवत होते. कंपनीत दर सहा महिन्यांनी त्यांच्यासमोर प्लांटची लाइन लागायची. ते खाली मान घालून विचारायचे, “काही त्रास?” कामगार म्हणायचा, “न्हाई साहेब.” त्रास हाय म्हणणाऱ्याचा गेटपास थांबायचा, म्हणून त्रास कुणालाच नसायचा. शिक्का पडायचा: फिट. सव्वीस वर्षांत बावन्न वेळा. त्या प्लांटइतकी निरोगी माणसं अख्ख्या तालुक्यात नव्हती. रिजवानही आता तिथंच लागला होता. त्याच्या वेळी डॉक्टर नवे होते, शिक्का तोच होता.

डॉक्टरांनी अयुबला लगेच ओळखलं. बापलेकांसाठी चहा सांगितला. अलास्का ऐकून म्हणाले, “वा! नशीबवान आहात.” मग त्यांनी फॉर्म वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला. चष्मा बदलून तळाचं बारीक अक्षर वाचलं.

“शर्ट काढा,” ते म्हणाले.

स्टेथोस्कोप पाठीला टेकला तसा अयुब दचकला. तो गार असतो हे त्याला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदाच लागत होता.

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. काढून आणलेला एक्स-रे उजेडात धरला. पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि खाली ठेवलं.

“मला नाही देता येणार. दोन्ही फुप्फुसं गेलीत. आणि हे आजचं नाही, पंधरा वर्षांचं तरी आहे.”

“पंधरा वर्षं?” रिजवान उभाच राहिला. “साहेब, दर सहा महिन्याला तुम्हीच फिट लिहीत होता ना?”

“गप रे,” अयुब म्हणाला. तो शर्टाची बटणं लावत होता. एक बटण चुकलं होतं, ते त्यानं तसंच राहू दिलं. “साहेब, बावन्न वेळा लिव्हलंत. आणखी एकदा लिवा की. परत न्हाई मागायचो.”

डॉक्टरांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

“ते प्लांटमध्ये जायला होतं, अयुबभाई,” ते म्हणाले. “जहाजावर माणसाला काही झालं, तर सही कुणाची होती ते विचारतात.”