उजवी पाकळी

कृष्णनाथानं टॅक्सी देवळाच्या उतारावर तोंड खाली करून उभी केली आणि चाकापुढे दगड सरकवला. स्टार्टर मेलेली गाडी सपाटीवर थांबवायची सोय नसते. त्याची बायको सुमंगला शेजारच्या सीटवरून सरकत ड्रायव्हरच्या जागी आली. तो मागून ढकलणार आणि ती क्लच सोडणार, हे आता रोजचंच झालं होतं. बाकी तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"बेगीन येवा," ती म्हणाली. "नवाक म्हापशाक पोचाक व्हया."

नऊ वाजता तिला हॉस्पिटलात यंत्राला लावतात. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन निघतं, म्हणून ती आहे. आणि तिला पोचवणारी ही टॅक्सी! मीटर चार लाखांवर अडकून दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा वाटेतच बसली. दुसऱ्यांदा कोलवाळच्या पुलावर भर उन्हात तासभर सुमंगला रुमालानं वारा घेत, 'काय होना नाय माका' म्हणत नवऱ्याकडे बघून हसत राहिली. त्या दिवसापासून कृष्णनाथाला ह्या गाडीचा भरवसा उरला नव्हता.

धारगळला हायवेवर गौरेशचं गॅरेज. तो सरळ बोलला होता. "इंजिन खोलून परत बांधून देतंय, कृष्णनाथभाऊ. वरीसभर चलतली. त्याच्या फुडचा माका विचारू नकात. नवी घेतलात तर धा वर्सां बघूक नको." पण नवी घ्यायची तर सुमंगलाला माहेरून मिळालेली काजूची बाग विकायची. म्हातारपणी तेवढाच एक आधार. इकडे आड, तिकडे विहीर. आठ दिवस झाले, काही ठरत नव्हतं. शेवटी काय ते देवीनंच सांगावं म्हणून तो आज कौल घ्यायला आला होता.

गाभाऱ्यात गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. जी आधी पडेल, तोच देवीचा कौल.

"काय विचारूचा?"

"गाडी. जुनी बांधू की नवी घेवू?" कृष्णनाथानं गौरेशचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

गुरवानं मान डोलवली, खाकरून घसा साफ केला आणि आपल्या पद्धतीनं गाऱ्हाणं घातलं. "गे आई सातेरी! ह्या तुझ्या लेकराक वरीसभरापुरतीच गाडी लागणार असात, तर उजवी पाकळी दी. धा वर्सां लागणार असात, तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा," कृष्णनाथ म्हणाला. गाऱ्हाणं झालं की हे म्हणायचंच असतं. जन्मभर म्हणत आला, जीभ आपसूक वळली.

आणि मग ते शब्द त्याच्या ध्यानात आले.

वर्ष! शनिवारी डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून हेच सांगितलं होतं. 'वर्षभर धरून चला. जास्त झालं तर नशीब.' हे त्यानं सुमंगलाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आणि गाडी लागते ती कुणासाठी? अरे माझ्या कर्मा, हे काय विचारून बसलो मी!

"थांबा! गाऱ्हाणा मागे घेवा," तो ओरडलाच.

"खुळावलंस काय? व्हय म्हणालंस मरे आता. मागे खंयचा घेतंस?"

कृष्णनाथानं हात जोडले. डोळ्यांत प्राण आणून तो डाव्या पाकळीकडे बघत राहिला. पड गे बाये, पड. बाग घे, मला घे, पण पड. डावी पाकळी जराशी सुटल्यासारखी वाटली.

उजवी पडली.

"बरा झाला!" गुरव खूश झाला. "जुनीच बांध. बाग वाचली तुझी." आणि देवीचा प्रसाद म्हणून ती पाकळी त्यानं कृष्णनाथाच्या तळहातावर ठेवली.

बाहेर सुमंगला खिडकीतून मान काढून वाट बघत होती. "खंयची पडली?"

कृष्णनाथानं मूठ आवळली. साठीला आलेला माणूस, देवीच्या दारात कधी खोटं बोलला नव्हता.

"डावी," तो म्हणाला. "नवी घेवक सांगल्यान."

"आणि बाग?"

"जावंदे बाग. उद्याच गिऱ्हाइकाक बोलावतंय."

गौरेश बोलला तेव्हा तीही गाडीत होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे धा वर्सांची?"

"धा वर्सांची."

सुमंगलाचा चेहरा उजळला. सुयांनी काळानिळा पडलेला हात तिनं स्टिअरिंगवर ठेवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"मगे माका चलवूक शिकवा. नुसतो क्लच सोडून कटाळलंय मी."

"शिकवतंय," तो म्हणाला, आणि दगड काढून घाईनं मागे गेला.

ढकलायला दोन्ही तळवे लागतात. त्यानं मूठ उघडली. पाकळी टाकवेना, ठेववेना. त्यानं ती तोंडात घातली आणि न चावता गिळून टाकली. मग अंगातलं सगळं बळ लावलं.

गाडी हलली, उताराला लागली. सुमंगलानं क्लच सोडला. इंजिन दोनदा अडखळलं, खोकलं आणि सुरू झालं.

"झाली चालू! येवा आता!" ती पुढून ओरडली.

तरी तो धावत धावत ढकलतच राहिला.