ठकीचं वजन

"वजन फारच कमी आहे म्हणतात डॉक्टर," लेक म्हणाली. "तीन महिन्यांत वाढलं नाही, तर दवाखान्यात दाखल करायचं."

आजोबांनी जमिनीवर ठोकळे रचत बसलेल्या नातीकडे पाहिलं. ठकी चार वर्षांची. हात कसे, रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या ढलप्यांसारखे.

"जेवण जात नाही?"

"नुसतं चिवडणं चालतं. कुणी समोर बसलं तर दोन घास पोटात जातील. मी तर कामावर. बाबा, तुम्ही रोज दुपारी याल का?"

आजोबा दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत. आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. एकट्यासाठी कुठे चूल पेटवत बसायचं, म्हणून चहा-बिस्किटांवर त्यांचं भागत होतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. अडेल लाकूड कसं वळवायचं हे त्यांना ठाऊक होतं. अडेल पोर वळवणं हे आजीचं खातं.

तरी दुसऱ्या दिवसापासून ते बालवाडीच्या दारात हजर. ठकीचा डबा उघडून पाहिला, तर लख्ख रिकामा.

"मैत्रिणीला दिला," ठकी म्हणाली.

घरी लेकीनं वाढून ठेवलेलं ताट पुढे आलं आणि ठकीनं ओठ घट्ट मिटले. आजोबांनी घास चिऊचा केला, काऊचा केला, शेवटी चोराचाही केला. व्यर्थ.

"आधी तू खा," ठकी म्हणाली.

त्यांनी एक घास खाऊन दाखवला. "बघ, किती छान."

"अजून एक. तू मोठा ना, मग मोठा घास."

दोन मोठे घास आजोबांच्या पोटात गेले, तेव्हा कुठे एक चिमुकला घास ठकीच्या तोंडात गेला. पण गेला. आजोबांना जग जिंकल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी त्यांनी कित्येक महिन्यांनी पेटारा उघडला. करवत, पटाशी बाहेर काढली. गुळगुळीत गोल पाट तासला, त्यात सहा खळगे कोरले आणि मधोमध फिरता बाण बसवला. एका खळग्यात भात, एकात अंडं, एकात दही, मग गाजर, वाटाणे आणि फळाच्या फोडी. बाण फिरवायचा आणि तो थांबेल तिथला घास. आधी आजोबा, मग ठकी. टीव्ही नाही, धाकदपटशा नाही, वाटी घेऊन घरभर मागे धावणं नाही.

बाणाला मात्र वाटाण्यांचा फार लळा. आजोबांना वाटाणे बघवत नसत. आजीनं जन्मभर डोकं फोडलं तरी त्यांनी ते ताटाच्या कडेलाच लावले होते.

"टाळायचं नाही हं, आजोबा," ठकी डोळे वटारून म्हणे. "नाहीतर मी पण नाही."

आजोबा नाक मुरडून गिळत. मग ती आपला एक वाटाणा दोन दातांत धरून दाखवी आणि दोघं हसत सुटत. समोर कुणीतरी बसलंय आणि आपण जेवतोय, हे किती दिवसांनी, असं एकदा त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ठसका लागला. ठकीनं पाण्याचा पेला पुढे केला.

दर रविवारी वजन. ठकी काट्यावर एकटी उभी राहायला तयार नसे. पायाखाली आकडे लुकलुकतात म्हणून किंचाळायची. लेकीनं तोड काढली. आधी आजोबांनी ठकीला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं. वजाबाकी केली की झालं ठकीचं वजन.

आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नसे. लेकच वाकून आकडा बघे, कागदावर टिपून घडी घाली.

"वाढलं का गं?"

"वाढलं, बाबा. अर्धा किलो."

आजोबांना एकच कोडं पडे. पोर कडेवर घेताना जड व्हायला हवी, ती तर दर आठवड्याला हलकी वाटत होती. हा घोर त्यांनी मनातच ठेवला आणि बाण अजून दोनदा जास्त फिरवायला सुरुवात केली. पँटही हल्ली कमरेत आवळू लागली होती. लेकीच्या घरचं धुण्याचं यंत्र कापड आटवतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

तीन महिने भरले. लेक म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हालाही बोलावलंय." डॉक्टरीणबाई ओळखीच्याच, मागे आजोबांना चक्कर आली तेव्हा त्यांनीच गोळ्या दिल्या होत्या. दवाखान्यातल्या बाकावर ठकीशिवाय एकही मूल नव्हतं. मुलं आजारी पडत नाहीयेत, चांगलं आहे, असं आजोबांना वाटलं. नजर मात्र पुन्हा पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे जात होती. पोरीला इथे ठेवून घेतलं तर? रात्री ती कुणाला हाक मारेल?

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या कागदाची घडी उलगडली, बोट वरून खाली नेलं आणि हसल्या.

"सहा किलो. दाखल करायची गरज नाही."

आजोबांचे डोळे भरून आले. "सगळी त्या बाणाची करामत," ते कसंबसं म्हणाले. मग त्यांच्यातला मापं घेणारा सुतार जागा झाला. एवढीशी पोर, तीन महिन्यांत सहा किलो? त्यांनी ठकीकडे पाहिलं. ती लेकीच्या पर्समधून केळं काढून, कुणी न सांगता, मजेत खात होती.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. तेरा रविवारांचे तेरा आकडे, लेकीच्या नेटक्या अक्षरात, एकाखाली एक. पहिला होता एकावन्न, शेवटचा सत्तावन्न.