बांधावरचा दिंडा

महिपतीने कोयता उगारला, तशी ठकूबाई दिंड्याच्या झुडपाला पाठ लावून उभी राहिली.

"काकी, बाजूला व्हा. ह्या जंगलाखाली हद्दीचा दगड हाय. उद्या पोलादपूरहून मोजणीदार येतोय. कोणी कोणाची जमीन खाल्ली ते कळू दे गावाला."

"जंगल? मेल्या, तुझ्या काकडीला फळ कशानं धरलं? तुझ्या तोंडाकडं बघून?"

दिंड्यावर निळी-काळी फुलपाखरं लगडली होती. निर्गुडीवर मधमाश्या गुणगुणत होत्या. ही झुडपं ठकूबाईने साठ सालच्या पावसात रानातून आणून लावली. तेव्हा सगळं कुडपण गाव हसलं. माणसं आंबा लावतात, फणस लावतात. ही बाई फुलपाखरांसाठी झाडोरा लावते! पुढे घरोघरच्या परसात पडवळं लोंबायला लागली आणि तोंडं बंद झाली. उपकार मात्र एकानेही मानले नाहीत.

झुडपं लावली त्याच पावसात महिपतीचं जुनं घर दरडीखाली गेलं. त्याने घाईघाईने बांधालगत नवं घर उभं केलं. पहिली चूल शेजारच्या थोरल्या बाईने मांडायची, म्हणून ठकूबाईला बोलावलं. तिने जमीन खणली, चूल बसवली, सारवून दिली. पहिला भात रांधून त्याच्या बाळंतीण बायकोला वाढला. आणि आज तोच महिपती तिच्यासमोर कोयता घेऊन उभा!

संध्याकाळी वाघजाईच्या देवळात गावकी बसली.

रावजी पाटील म्हणाले, "ठकूबाय, झुडपं तोडू द्या, नायतर साखळी लावून मोजणी होऊ द्या. भ्यायचं कशाला?"

"भितंय माझं खेटर!"

"होऊ दे मोजणी," ठकूबाईचा दीर हैबती मिशी पिळत म्हणाला. "आमच्या हद्दीत कोणाचं झाड निघो नायतर घर, मुळासकट उपटीन. मग कोणी रडत यायचं नाय."

"ऐका!" महिपती ओरडला. "दीर तयार, पण काकी नाय. का? दगड हिनंच सरकवलाय!"

ठकूबाई आजवर कोणापुढे वाकली नव्हती. तिने पदर खोचला.

"सरकवला. मीच. आता मोजणी नको. माझ्या वाटणीतली बांधाकडची चार हात जमीन घे, महिपत्या. पण झुडपाला कोयता लागला तर तुझा हात जागेवर राहणार नाय. पाटील, दंड बोला."

पाच नारळ आणि देवीपुढे नाक घासणं. तिने सगळ्या गावादेखत नाक घासलं.

"बघा गो," महिपतीची बायको चंद्राबाई बायकांत मोठ्याने म्हणाली, "असल्या बाईच्या हातची चूल माझ्या घरात!"

ठकूबाईने ऐकलं. ती पदर सावरून देवळाच्या पायऱ्या उतरली. तिच्या सुनेला, बायजाला, ते बोल जास्त लागले. घराकडे येताना बायजा हुंदके देत होती.

"आत्याबाय, चोरी केलीत तुम्ही? आता मी पाणवठ्यावर कशी जाऊ?"

"मान वर करून जा!" ठकूबाईने नाकावरची माती फणकाऱ्याने पुसली. "महिपत्याच्या चुलीसाठी मी जमीन खणली ना गो, तेव्हा हद्दीचा दगड हाताला लागला. मुकाट्यानं त्याच्यावरच चूल मांडली मी."