दिसतोय, बाबा

शिडाच्या आडव्या दांडीचं टोक बांधायला झोइलो होडीबाहेर झुकला आणि त्याच क्षणी डोंगरावरून बोऱ्याचा, त्या थंडगार डोंगरी वाऱ्याचा, झोत कोसळला. दांडी हिसका देऊन फिरली. झोइलो पाण्यात होता.

"हात रोख त्याच्यावर!" त्याचा बाप, म्हातारा बार्तुल, ओरडला. "नजर हलवू नकोस, स्तोशिया! मेलीस तरी हलवू नकोस!"

स्तोशियानं हाताला लागलं ते वल्हं नवऱ्याच्या दिशेनं भिरकावलं, सुकाणू डाव्या काखेत दाबलं आणि उजवा हात त्याच्यावर रोखला. लाटेच्या माथ्यावर काळं डोकं आलं, खाली गेलं, पुन्हा आलं. होडीत आता ती आणि सासरा, दोघंच. सासऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जवळची माणसं त्याला सावलीसारखी दिसत. त्यापलीकडे नुसतं पांढरं.

पूर्ण शिडानं परत फिरायचं म्हणजे होडी उलटणार. शीड सगळंच उतरवलं तर उरलेल्या एका वल्ह्यानं या वाऱ्यापुढे काय होणार होतं? शीड आखडून अर्धं करायचं आणि मग फिरायचं, एवढाच मार्ग होता. आणि ते आंधळ्यानं करायचं होतं.

"होडीचं नाक वाऱ्यात घाल!"

तिनं घातलं. शीड फडाफडा आपटू लागलं. बार्तुलनं दांडीचा दोर ओढून खुंटीला आवळला, डोलकाठीचा दोर सैल सोडला, शीड हातभर खाली आलं. मग तो कापडावर चाचपडत शिडाला शिवलेल्या नाड्या शोधू लागला. एकेक नाडी सापडली की दांडीभोवती घेऊन गाठ मारायची, पुढे सरकायचं. ओल्या गाठी आवळताना त्याची नखं उलटली.

"दिसतोय?"

"दिसतोय, बाबा. वल्हं मिळालंय त्याला."

"बुटं काढली का त्यानं?"

"काढली असतील."

"असतील काय? काढलीच असणार. माझा पोरगा आहे."

सकाळी निघताना डोंगराच्या डोक्यावर ढगाची टोपी बसलेली होती. झोइलो म्हणाला होता, बाबा, शीड आधीच आखडून निघू. पण ऑलिव्हची पहिली खेप घाण्यावर पूर्ण शिडानं न्यायची, हा त्यांच्या बेटाचा तोरा. आखडलेल्या शिडानं बंदरात शिरलेल्या होडीला बायका धक्क्यावरून वर्षभर चिडवत. "एवढ्याशा ढगाला भितोस? बायकी झगा घाल मग," असं बार्तुलच म्हणाला होता. आता तो पुढची नाडी चाचपडत होता.

एक मोठी लाट मधे आली. ती सरली तेव्हा स्तोशियाला वल्हं दिसलं. नुसतं वल्हं.

तिनं डोळे फाडफाडून पाहिलं. पुढच्या लाटेनंतर वल्हंही नव्हतं. किंकाळी फोडायला तिनं तोंड उघडलं. पण सासरा तेव्हा दांडीवर पालथा पडून, पाय खाली पाण्यावर लोंबकळत, अगदी टोकाला पोचला होता. झोइलो पडला त्याच टोकाला. तीच गाठ राहिली होती. या क्षणी त्याचे हात सुटले असते तर तिचं जगात कोणीच उरलं नसतं.

"दिसतोय?" तिकडून आवाज आला.

"दिसतोय, बाबा! बांधा तुम्ही!"

होडी लाटांवर गरगरत होती, नाक कधी इकडे, कधी तिकडे. पुन्हा त्यानं विचारलं. पुन्हा तिनं दिसतोय म्हटलं. मग तो सरपटत परत आला आणि डोलकाठीचा दोर अंगावर घेऊन खेचला. अर्धं झालेलं शीड वाऱ्यानं भरलं. होडी कलली, एका कडेनं पाणी आत आलं, ऑलिव्हची पोती भिजली, पण होडी उलटली नाही. स्तोशियानं सुकाणू फिरवलं आणि वल्हं शेवटचं दिसलं होतं त्या बाजूला होडी घातली.

दांडीचा दोर मुठीत घेऊन बार्तुल तिच्या पायाशी बसला. त्याची बोटं रक्तानं माखली होती. त्यानं तोंड वर करून तिच्या सावलीकडे पाहिलं.

"दांडीवर होतो तेव्हा होडी चारी दिशांना फिरली, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या हाताची सावली नाही फिरली. तो दिसत असता तर फिरली असती."

स्तोशियाचा हात आपसूक खाली आला. मग ती रडली, मोठ्यानं, लहान पोरासारखी.

"कळलं होतं तुम्हाला? मग परत का नाही आलात, बाबा? ती गाठ कशाला मारत बसलात?"

"तू 'दिसतोय' म्हणत होतीस."

पुढे सगळं पाणी वाऱ्यानं धुरकट झालं होतं. त्यानं दोराचा आणखी एक वेढा पंजाभोवती घेतला.

"गप्प नको बसूस," तो म्हणाला. "दोर अजून माझ्या हातात आहे. म्हण, दिसतोय."